जास्वंद ठिपक्यांत का बसत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना हमखास मिळणारा गृहपाठ म्हणजे अर्धी पणती, अर्धा आकाशकंदील. उरलेला अर्धा भाग मुलांनी काढायचा. त्यातून ‘सममिती म्हणजे दोन सारखे भाग’ ही समजूत पक्की होते. ती अपुरी आहे.

शंकरपाळ्या कातताना पट्ट्यांची रुंदी कमीजास्त झाली की समांतरभुज चौकोन निघतो. तो कर्णावर कापा, दोन तुकडे अगदी सारखे. पण त्याच कर्णावर घडी घाला, एक भाग दुसऱ्यावर बसत नाही. मात्र अर्धा फेरा फिरवला की शंकरपाळी होती तशीच दिसते. आकृती जशीच्या तशी ठेवणारी हालचाल म्हणजे सममिती. स्वस्तिकाला तर घडीची एकही रेषा नाही, तरी पाव फेऱ्यात तो पुन्हा तोच! मुलाने तो उलटा काढला तर ‘अशुभ’ म्हणून रागावू नका, आरसा आणून दाखवा.

आता रांगोळीसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद घ्या. ‘7 ते 4’ म्हणजे मधल्या ओळीत 7, वर आणि खाली 6, 5, 4. एकूण 37 ठिपके. हा षटकोन 60 अंशांत फिरून स्वतःवर बसतो. सरळ ओळींचा 7 बाय 7 चौकोन 90 अंशांत बसतो. पण पाच पाकळ्यांची जास्वंद काढायला जा, पाकळ्यांची टोकं ठिपके चुकवतात. दोष मुलाच्या हाताचा नाही.

समजा, ठिपके सर्वदूर पसरलेत आणि कुठल्याही ठिपक्याभोवती 72 अंश फिरवले तरी ठिपक्यांवर ठिपके येतात. त्यांतले एकमेकांच्या सर्वांत जवळचे दोन निवडा. त्यांच्यात 1 सेंटिमीटर अंतर धरू. डाव्याभोवती उजवा 72 अंश वर फिरवा, उजव्याभोवती डावा तसाच वर फिरवा. दोन्ही नव्या जागी ठिपके असायलाच हवेत. पण त्यांच्यातलं अंतर येतं 1 − 2 × कोज्या (cosine) 72°, म्हणजे सुमारे 0.38 सेंटिमीटर. सर्वांत जवळचे तर आपण आधीच निवडले होते! म्हणजे अशी मांडणी असूच शकत नाही. कोन 60 घेतला तर नवे ठिपके एकाच जागी येतात, समभुज त्रिकोण होतो. 90 घेतला तर अंतर बरोबर 1, चौरस होतो. दोन्ही चालतात. मुलांना हे कोज्याशिवाय, कोनमापक आणि पट्टी घेऊन करू द्या. ते अंतर त्यांना स्वतः मोजता येतं.

स्फटिकांतल्या अणूंनाही हेच बंधन आहे, असं मानलं जाई. 1982 साली इस्रायली शास्त्रज्ञ डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत नेमकी ही ‘अशक्य’ पाचाची सममिती दिसली. त्यातले अणू नियमबद्ध होते, पण मांडणीची पुनरावृत्ती नव्हती. आपल्या ठिपक्यांत ही पुनरावृत्तीच गृहीत धरली आहे. 2011 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या शोधासाठी मिळालं.

जास्वंद काढायचीच असेल तर ठिपके सोडा. वर्तुळ काढून मध्यातून 72-72 अंशांवर पाच रेषा आखा, प्रत्येक रेषेवर एक पाकळी.