हिंदी चित्रपटातील ईशान्य भारतीय

मुंबईत तयार होणाऱ्या हिंदी चित्रपटांनी ईशान्येकडील राज्यांतल्या माणसांचे, विशेषतः शिक्षण-नोकरीसाठी महानगरांत आलेल्या तरुणांचे, केलेले चित्रण. बराच काळ ते जवळजवळ नव्हतेच. मंगोल वळणाच्या चेहऱ्याच्या वाट्याला पडद्यावर गुरख्याची काठी येई, नाहीतर खलनायकाचा अड्डा. ‘शाबजी’ म्हणणारा नेपाळी ‘बहादूर’ हे तर हशा मिळवण्याचे हुकमी साधन. सिक्कीमचे डॅनी डेंग्झोंगपा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. त्शेरिंग फिंत्सो हे त्यांचे नाव इतरांच्या तोंडी बसेना, म्हणून जया भादुरींनी त्यांना ‘डॅनी’ हे नाव सुचवले. पुढे ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) त्यांनी अप्रतिम वठवलेल्या खलनायकाचे नाव होते कांचा चीना.

‘चक दे! इंडिया’त (२००७) मणिपूर आणि मिझोरमच्या दोन हॉकीपटू दिल्लीत निवडीसाठी येतात. पाहुण्या म्हणून त्यांचे स्वागत होते, तेव्हा आपल्याच देशात पाहुणे ठरण्यात कसला आनंद, असे त्या सुनावतात. प्रसंग छोटा आहे, पण रस्त्यावरच्या ‘चिंकी’ या, चेहऱ्यावरून हिणवणाऱ्या हाकेमागे काय दडलेले असते ते त्यातून नेमके कळते.

त्याच वर्षी दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. पेहराव कसा असावा इथपासून बांबूचे कोंब, अखुनी असे उग्र वासाचे पदार्थ शेजारी गडबड न होता कसे शिजवावेत इथपर्यंतचे सल्ले तिच्यात होते. त्रास ज्यांना होतो, त्यांनाच वागणूक बदलायला सांगितली गेली.

निकोलस खारकोंगोर यांचा ‘ॲक्सोन’ (२०१९) याच वासाभोवती फिरतो. नावाचे रोमन स्पेलिंग फसवे आहे. सुमी नागा भाषेतला उच्चार ‘अखुनी’ असाच, अर्थ आंबवलेले सोयाबीन. दिल्लीच्या हुमायूनपूर भागात भाड्याने राहणारे मित्र मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घालून डुकराचे मटण शिजवू पाहतात. घरमालकीण आणि शेजारी ते होऊ देत नाहीत, आणि पातेले घेऊन त्यांना चूल शोधत हिंडावे लागते. घर भाड्याने देताना घातलेली अट, नाक मुरडणे, गल्लीतली शेरेबाजी, जाब विचारणाऱ्या मुलीला बसलेली थप्पड आणि नजर चुकवणारे बघे, अशा रोजच्या गोष्टींतून वंशभेद इथे दिसतो. या मित्रांपैकी पूर्वी जमावाचा मार खाल्लेला बेंदांग मदतीला आलेल्या पंजाबी पोरालाच ‘ब्लडी इंडियन’ म्हणतो. दुखावलेला माणूसही समोरच्याला एकाच साच्यात कोंबतो, हे दाखवण्याचे धाडस या चित्रपटात आहे. बेंदांगच्या जखमेला खरी पार्श्वभूमीही आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात केसांवरून झालेल्या टिंगलीतून भांडण पेटले आणि मारहाणीनंतर अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर महानगरांतल्या ईशान्येच्या लोकांच्या अडचणी तपासण्यासाठी केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. पुणेकरांनाही हे परके नाही: ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ले आणि अफवांच्या धास्तीने ईशान्येचे अनेक तरुण पुणे सोडून गावी गेले होते.

पात्रनिवडीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ‘ॲक्सोन’मधल्या नेपाळीभाषक तरुणीच्या भूमिकेत सयानी गुप्ता होत्या, त्यावर टीका झाली. त्याआधी ‘मेरी कोम’मध्ये (२०१४) मणिपुरी मुष्टियोद्ध्याची भूमिका प्रियांका चोप्रांना मिळाली तेव्हा नाराजी अधिक तीव्र होती. बंडखोर संघटनेने २००० पासून घातलेल्या हिंदी चित्रपटबंदीमुळे तो चित्रपट मणिपूरच्या चित्रपटगृहांत लागलाच नाही.