उपग्रहीय वर्णपटमापकाचे अंशशोधन

हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, फॉर्माल्डिहाइड, ओझोन इ. वायू अवकाशातून मोजणाऱ्या उपकरणाची प्रक्षेपणापूर्वी केलेली तपासणी व ज्ञात मूल्यांशी घातलेली सांगड. कक्षेत गेलेले उपकरण दुरुस्तीसाठी परत आणता येत नाही; म्हणून हे काम उपकरण बांधण्याइतकेच महत्त्वाचे मानावे लागते.

प्रत्येक वायू ठराविक तरंगलांबींचा प्रकाश शोषतो; त्या घटीवरून वायूचे प्रमाण काढण्याच्या या मापनपद्धतीचा उगम विवाद्य आहे. जी. एम. बी. डॉबसन यांनी १९२० च्या दशकात ओझोनमापक तयार केला. पुण्याच्या हवामान खात्यातही पुढे डॉबसन उपकरणाने ओझोन मोजला गेला. काही लेखक डॉबसन यांच्यापासूनच परंपरा मोजतात. नायट्रोजन डायऑक्साइडच्या बाबतीत ब्रूअर व सहकारी (१९७३), नॉक्सन (१९७५) आणि पेर्नर व प्लाट (१९७९ च्या सुमारास) अशी तीन नावे पुढे येतात. प्लाट यांच्या पद्धतीत प्रारंभी कृत्रिम दिवा वापरला जाई. उपग्रह मात्र विखुरलेला सूर्यप्रकाश वाचतो. त्यामुळे उपग्रहीय पद्धत विखुरलेला सूर्यप्रकाशच वापरणाऱ्या नॉक्सन यांच्या कार्याला अधिक जवळची वाटते.

अचूकतेची गरज आकड्यांवरून कळते. दाट वाहतुकीच्या शहरावरील हवेच्या उभ्या स्तंभात दर चौ. सेंमी. ला नायट्रोजन डायऑक्साइडचे १० चा सोळावा घात इतके रेणू असले, तरी ४४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जेमतेम अर्धा टक्का घटतो. शोषणासारखाच आकार असलेली हजारात एका भागाची चूक उत्तर सुमारे २० टक्क्यांनी बिघडवते.

जोडणी स्वच्छ कक्षात होते. गोंद, तारांची वेष्टने यांतून निघणारी वाफ थंड पृष्ठभागांवर बसते आणि अतिनील किरणांनी तेथेच काळवंडते. म्हणून भाग आधी निर्वातात तापवून घेतात. तरंगलांबीची तपासणीही निर्वातातच करतात. हवेच्या अपवर्तनामुळे ४४० नॅनोमीटरची वर्णपटरेषा सुमारे ०.१२ नॅनोमीटरने सरकते. पुण्याच्या उंचीवर (सुमारे ५६० मी.) हवा विरळ असल्याने ही सरक किंचित कमी भरेल, पण दुर्लक्ष करण्याइतकी नाही. तेजाच्या मापासाठी १,००० वॉटचा प्रमाणित क्वार्ट्‌झ-हॅलोजन दिवा स्थिर विद्युत्‌प्रवाहावर, ५० सेंमी. अंतरावर ठेवतात. अंतर १ मिमी. चुकले तर तेज ०.४ टक्क्याने चुकते. या दिव्याचा ३०० नॅनोमीटरखालचा प्रकाश क्षीण असतो. तेथे दृश्य भागातून भरकटलेला प्रकाश खऱ्या संकेतावर मात करतो, म्हणून त्याचे माप वेगळे घ्यावे लागते.

सर्वांत त्रासदायक भाग म्हणजे प्रकाश विखुरणारी विसारक पट्टी. पृथ्वीवरून आलेल्या प्रकाशाला थेट सूर्यप्रकाशाने भागतात आणि तो सूर्यप्रकाश या पट्टीवरूनच घेतात. पट्टीच्या खरखरीत पृष्ठभागावर व्यतिकरणाने (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने) तेजाचे सूक्ष्म चढउतार उमटतात. सूर्याचा आपतन कोन वर्षभर बदलतो, तसे हे चढउतारही बदलतात. १९९५ मध्ये कक्षेत गेलेल्या गोम या वर्णपटमापकाची पट्टी ॲल्युमिनियमची होती. त्याच्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या नोंदींत यामुळे खोटे वार्षिक चक्र शिरले. २००४ च्या ओमी या तशाच उपकरणात दोन्ही बाजूंनी घासलेल्या क्वार्ट्‌झची पट्टी आली. २०१७ च्या ट्रोपोमी उपकरणावर अशा दोन आहेत : एक नित्याची, दुसरी आठवड्याला एकदाच उघडायची, दोन्हींची तुलना केली की पहिली किती झिजली ते कळते. सर्व कोनांतून पट्टी तपासण्याचे काम जमिनीवरच उरकावे लागते आणि वेळापत्रक घसरले की काटछाट नेमकी येथे होऊ नये, हे पाहणे अगत्याचे असते.

पूर्ण तयारीनंतरही बिघाड संभवतात. ओमीच्या प्रकाशसंवेदकाच्या काही रांगा २००७ पासून निकामी होत गेल्या. बहुधा उष्णतारोधक आवरण सुटून दृष्टिमार्गात आले असावे.

पुण्यापुरते पाहता, ओमीच्या एका मापात येणाऱ्या १३ × २४ किमी. चौकटीत शहराचा बराचसा भाग एकत्र मिसळतो, ट्रोपोमीच्या ५.५ × ३.५ किमी. चौकटींत पाषाण व हडपसर वेगळे दिसतात. दोन्ही उपकरणांचे उपग्रह दुपारी जातात, त्यामुळे सकाळच्या रहदारीची वेळ हुकते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे नोंदी तुटक असतात. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या सफर या हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या प्रकल्पाची जमिनीवरील मोजणी पुण्यात २०१३ मध्ये सुरू झाली. ती जमिनीलगतच्या हवेची असते, उपग्रहाची पूर्ण स्तंभाची, त्यामुळे दोन्ही आकडे थेट ताडता येत नाहीत. भूस्थिर कक्षेतील (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) कोरियन जेम्स उपकरणाच्या (२०२०) नियोजित क्षेत्राची पश्चिम सीमा सुमारे ७५° पूर्व आहे, पुणे (७३.८५° पूर्व) थोडक्यात बाहेर राहते.