कलम ४८ (वायमार संविधान)

पहिल्या महायुद्धातील पराभव आणि नोव्हेंबर १९१८ मधील क्रांती यांनंतर जर्मनीत प्रजासत्ताक आले. त्याचे संविधान वायमार शहरात तयार झाले, म्हणून ते ‘वायमार संविधान’ म्हणून ओळखले जाते. ऑगस्ट १९१९ मध्ये लागू झालेल्या या संविधानातील आणीबाणीची तरतूद म्हणजे कलम ४८. सार्वजनिक सुरक्षितता व सुव्यवस्था गंभीरपणे बिघडल्यास राष्ट्राध्यक्षाने आवश्यक ते उपाय योजावेत, गरज पडल्यास सैन्य वापरावे, असे त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात होते. त्यासाठी सात मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करता येत : व्यक्तिस्वातंत्र्य (कलम ११४), घराची अभेद्यता (११५), टपालाची गुप्तता (११७), मतस्वातंत्र्य (११८), सभा (१२३), संघटना (१२४) आणि मालमत्ता (१५३).

या अधिकाराला दोन लगाम होते. वटहुकमावर चान्सेलरची, म्हणजे सरकारप्रमुखाची, किंवा संबंधित मंत्र्याची प्रतिस्वाक्षरी लागे आणि राइखस्टागने, म्हणजे संसदेने, मागणी केल्यास तो मागे घ्यावा लागे. तपशील ठरवणारा कायदा पुढे करू, असेही कलमात म्हटले होते; तो कधीच झाला नाही. ‘सुव्यवस्था बिघडणे’ म्हणजे नेमके काय, हे त्यामुळे शेवटपर्यंत राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर राहिले.

पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिख एबर्ट यांनी हे कलम सव्वाशेहून अधिक वेळा वापरले. उठाव आणि १९२३ ची भयंकर चलनवाढ हे प्रसंग खरोखरीच संकटाचे होते. पण आर्थिक उपायही याच कलमाखाली करण्याचा पायंडा तेव्हाच पडला.

खरा घात १९३० मध्ये झाला. त्याचे यंत्र समजण्यासाठी कलम ४८ एकटे वाचून चालत नाही. कलम ५३ प्रमाणे चान्सेलर नेमणे आणि कलम २५ प्रमाणे राइखस्टाग विसर्जित करणे, हे दोन्ही अधिकार राष्ट्राध्यक्षाकडेच होते. चान्सेलरच राष्ट्राध्यक्षाच्या कृपेवर उभा असला, की प्रतिस्वाक्षरीचा लगाम नावापुरता उरतो. जुलै १९३० मध्ये चान्सेलर हाइनरिख ब्र्यूनिंग यांचे वित्तविषयक विधेयक राइखस्टागने फेटाळले. तेच वटहुकमाने आणले गेले. १८ जुलैला राइखस्टागने तो वटहुकूम रद्द करवला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी सभागृहच विसर्जित केले आणि आठवडाभरातच वटहुकूम पुन्हा काढला. दुसरा लगामही असा तुटला. १४ सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. पुन्हा निवडणूक ओढवली तर ते आणखी वाढतील, या भीतीने सोशल डेमोक्रॅट पक्षाने ब्र्यूनिंग यांचे वटहुकूम चालू दिले. १९३० मध्ये राइखस्टागने ९८ कायदे केले होते. १९३२ मध्ये केवळ ५.

२० जुलै १९३२ ला चान्सेलर फोन पापेन यांनी याच कलमाच्या आधारे प्रशियाचे सरकार पदच्युत केले. जर्मनीतील सर्वांत मोठ्या घटक राज्याचे पोलीसदल त्यामुळे केंद्राच्या हाती आले. हिटलर चान्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला, म्हणजे त्यानंतर सहा महिन्यांनी.

२७ फेब्रुवारीच्या रात्री राइखस्टागची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने सातही हक्क ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित केले. तो आदेश १९४५ पर्यंत आला नाही. न्यायालयासमोर उभे न करता डांबून ठेवण्याची सोय या वटहुकमानेच झाली.

२३ मार्चला ‘सक्षमीकरण कायदा’ मंजूर झाला आणि कायदे करण्याचा, त्यात संविधानापासून दूर जाण्याचाही, अधिकार मंत्रिमंडळाला मिळाला. अशा दुरुस्तीसाठी कलम ७६ प्रमाणे दोनतृतीयांश सदस्यांची हजेरी आणि हजर असणाऱ्यांत दोनतृतीयांश मते लागत. ६४७ पैकी ५३८ जणांनी मतदान केले, म्हणून ३५९ मते हवी होती. नाझी व त्यांचे राष्ट्रवादी भागीदार मिळून ३४० होत होते. ८१ कम्युनिस्टांपैकी एकालाही सभागृहात येता आले नाही. सोशल डेमोक्रॅटांचे १२० पैकी ९४ जण आले. त्यांचे नेते ओटो वेल्स यांनी सशस्त्र तुकड्यांच्या वेढ्यात विरोधाचे भाषण केले आणि त्या सर्वांनी विरोधी मत दिले. कायदा ४४४ मतांनी तरला. कॅथलिकांचा सेंटर पक्ष आणि त्याचा बव्हेरियातील भाऊपक्ष यांची ९१ मते विरोधात गेली असती, तर तो पडला असता. कायदेशीरपणाचे जे कवच हिटलरला हवे होते, ते या मतांनी दिले.

भारतीय संविधान सभेत १९४९ साली आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा झाली, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी वायमारचाच दाखला देऊन विरोध केला होता. आणीबाणीतही भारतीय संविधानाच्या कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) मधील हक्कांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, हे भारतात ठरले ते १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने.