प्रतिकार-उद्दीपके
प्रतिकार-उद्दीपके (एलिसिटर) : वनस्पतीच्या अंगची रोगप्रतिकारशक्ती जागी करणारे पदार्थ. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन, तपकिरी समुद्रशैवालातले लॅमिनारिन आणि यीस्टचा अर्क ही त्यांतली नैसर्गिक उदाहरणे. कायटोसॅनला थोडा थेट बुरशीरोधक गुणही आहे, पण मुख्य काम वनस्पतीला सावध करण्याचे.

बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, वनस्पतीत ते नसते. त्यामुळे कायटिनसारखा रेणू (कायटोसॅन हा त्यातलाच) पानाला लागला की पेशीपटलावरची ग्राहक प्रथिने परका आल्याचे ओळखतात. काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ लागते. पुढे भित्तिकेत कॅलोज आणि लिग्निनचे थर बसतात, बुरशीची भित्तिका तोडणारी कायटिनेज व ग्लुकानेज ही एंझाइमे वाढतात. द्राक्षवेल याखेरीज रेस्व्हेराट्रॉल हे बुरशीरोधक द्रव्य बनवते. हे लँगकेक आणि प्राइस या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवले. एका पानाला झालेल्या संसर्गाने बाकीची पानेही सावध होतात, हे रॉस या संशोधकांना १९६१ मध्ये तंबाखूवर आढळले होते.

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवड या द्राक्षपट्ट्यात या विषयाला खास महत्त्व आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (कोवळा कोंब) फुटतो आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. कोवळ्या पानावर तेलकट डाग दिसतो. पान उलटून पाहावे तर खाली पांढरी लव. हाच केवडा, म्हणजे डाऊनी. तो घडावर उतरला की हंगाम गेला. म्हणून फवारण्या वाढतात, आणि निर्यातीच्या मालाला युरोपातली रेसिड्यूची (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची) मर्यादा आडवी येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांची निर्यात अडली, तेव्हापासून बागायतदार या बाबतीत फार जागरूक झाले आहेत.

केवड्याचा कारक खरी बुरशी नव्हे. त्याच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकान (ग्लुकोजच्या साखळ्यांचा पदार्थ) आणि सेल्युलोज असते. लॅमिनारिन हेही ग्लुकानच, त्यामुळे वेल त्याला लगेच ओळखते. भुरीचा, म्हणजे पानावर पांढरी भुकटी आणणाऱ्या रोगाचा, कारक मात्र खरी बुरशी आहे; तिच्या भित्तिकेत कायटिन असते.

उद्दीपकाचा गुण वेळेवर अवलंबून असतो. वेलीला सज्ज व्हायला दोन-चार दिवस लागतात, म्हणून पावसाचा अंदाज येताच फवारणी हवी. डाग दिसल्यावर मारलेल्या उद्दीपकाकडून रोग बरा होण्याची अपेक्षा चुकीची आहे. संरक्षणही अपुरे असते. वाण, हवामान आणि वेलीचे पोषण यांनुसार ते बदलते. थॉम्पसनसारख्या केवड्याला बळी पडणाऱ्या वाणात, सततच्या पावसात, बुरशीनाशकाला रजा देता येत नाही. काही फवारण्या कमी करणे, विशेषतः काढणी जवळ आल्यावर, एवढा फायदाही बागेला मोठा आहे. वारंवार मारा केल्यास मात्र वेलीची शक्ती वाढीकडून बचावाकडे वळते.

साधे कायटोसॅन पाण्यात विरघळत नाही, त्याचे पापुद्रे बादलीत तसेच तरंगत राहतात. सौम्य ॲसेटिक आम्लात ते आधी विरघळवून, मगच टाकीत मिसळावे लागते.