सिद्धेश्वर तलावातलं पिवळं पान आणि दीडशे वर्षांचे रंग

माघ सरता सरता सोलापुरात कडुनिंब झडायला लागतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठाशी पिवळ्या पत्तीची रेघ साचते, मधूनच एखादं पिंपळाचं पान देठ वर करून तरंगत असतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिथं कॅमेरे, मोबाइल घेऊन वाकलेली पोरं दिसतात. संध्याकाळी तेच फोटो बघावेत, तर पानं लालभडक आणि पाणी गर्द निळं. सोलापूरचं पान तसं नसतं. मग तो रंग येतो कुठून?

घोळ नावापासूनच आहे. शब्दकोश इंग्रजी ‘ऑटम’ला, म्हणजे तिकडच्या पानगळीच्या ऋतूला, शरद म्हणतो. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, निवळलेलं पाणी, कोजागरीचं चांदणं. झाडं तेव्हा हिरवीगार असतात. आपली पानगळ शिशिरातली. थंड देशांत दिवस लहान होऊन थंडी येते, पानातलं हरितद्रव्य ओसरतं, दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि मेपलसारखी झाडं अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य नव्यानं तयार करतात. इथं कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला झाड पान टाकतं. तांबडा रंग हवाच असेल तर देशी बदामाखाली जावं लागतं.

पाण्यावरच्या लाल पानांचं वेड कॅमेऱ्याच्या फार आधीचं आहे. नवव्या शतकातल्या नारिहिरा या जपानी कवीला तात्सुता नदीवरची मेपलची पानं पाहून पाणीच कुणीतरी किरमिजी बांधणीत रंगवलंय असं वाटलं. होकुसाई या जपानी चित्रकाराची आख्यायिकाही याच नदीची: कागदावर निळा पट्टा ओढायचा, कोंबड्याचे पाय लाल रंगात बुडवून त्यावरून त्याला पळवायचं, की झाली नदीवरची पानं. सुताच्या रंगाईवर पिढ्या वाढलेल्या आपल्या गावाला तो बांधणीचा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. फोटोग्राफीचा पुढचा सगळा इतिहासही खरं तर रंगाईचाच आहे.

सुरुवातीच्या फोटोप्लेटना निळा प्रकाश तेवढा दिसायचा. त्यामुळे पिवळं पान काळं यायचं आणि पाण्यातलं आकाश पांढरंफटक. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं, की प्लेटच्या लेपात योग्य रंगद्रव्य मिसळलं की तिला हिरवा-पिवळा प्रकाशही जाणवतो. लालापर्यंत पोचणाऱ्या प्लेट बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. मग १९३५ ला कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली.

पण पाण्यावरच्या पानाला आज आपण ज्या नजरेनं बघतो, तिच्यावर मला सर्वांत मोठा ठसा दिसतो तो एलियट पोर्टर या अमेरिकन छायाचित्रकाराचा. हार्वर्डमधलं संशोधन सोडून १९३९ मध्ये तो पूर्णवेळ फोटोग्राफीकडे वळला. त्यानं फ्रेममधून क्षितिज काढून टाकलं. उरली ओढ्यातली पानं, दगड आणि पाण्यात उतरलेलं आकाश. प्रिंट तो डाय ट्रान्सफर या पद्धतीनं काढायचा: निळसर, किरमिजी, पिवळा असे तीन रंग तीन साच्यांतून एकाच कागदावर, एकावर एक नेमके बसवायचे. एक साचा केसभर सरकला तरी पानाची कड फाटायची. एडिटिंग म्हणजे कॉम्प्युटर आल्यावरची लबाडी, असं म्हणणाऱ्यांनी ही मेहनत एकदा डोळ्यांसमोर आणावी.

फोटोची चौकट तीन भागांत तोडण्याचा नियम तर चित्रकारांचा. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं तो १७९७ मध्येच लिहून ठेवला होता. पाण्यावरची चमक कापणाऱ्या पोलरायझर फिल्टरची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये मालुस या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं समोरच्या राजवाड्याच्या काचांवर चमकणारं मावळतं ऊन एका स्फटिकातून पाहिलं. स्फटिक फिरवताच ती चमक कमी-जास्त होऊ लागली. ब्रूस्टर या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञानं १८१५ मध्ये त्याचा नियम बांधला. पाण्यासाठी हिशोब असा, की पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या तिरक्या नजरेनं पाहिलं तर पोलरायझर चमक जवळपास पुसून टाकतो. एडविन लँड या अमेरिकन संशोधकानं १९२९ मध्ये स्वस्त पोलरायझर शीटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि हे काम कुणाच्याही हातात आलं.

पानाचा ओला रंग खुलतो तो याच फिल्टरमुळे. पण पूर्ण फिरवला तर प्रतिबिंबही जातं, आणि आपल्या तलावात प्रतिबिंब म्हणजे मंदिर आणि किल्ल्याचा तट. ते पुसून उरणार काय, तर शेवाळी पाणी. मी तो निम्म्यावरच थांबवतो.

१९९० मध्ये भडक रंगांची फुजी वेल्विया फिल्म आली आणि त्याच वर्षी फोटोशॉपही. आजचे ‘ऑटम’ फिल्टर त्याच चवीचे. ते पिवळ्याला केशरीकडे ढकलतात, हिरव्याला दाबतात. मेपलवर ते शोभतं. कडुनिंबाच्या पत्तीचा पिवळा मात्र हिरवटाकडे झुकलेला असतो, आणि त्यात केशरी ओतलं की ती पत्ती कडुनिंबाची राहतच नाही.

म्हणून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, उघडली की मी आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, लावतो, तोही काठाच्या करड्या दगडावरून. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगाच्या गडदपणाला, हात लावत नाही. पानाभोवतीचं पाणी किंचित काळोखं करतो, पूर्वी डार्करूममध्ये पानावर हाताची सावली धरून भोवतालच्या भागाला जास्त प्रकाश देत करायचे तसं. पिंपळपानाचं लांब टोक ज्या दिशेला वळलेलं असेल, त्या बाजूला थोडं जास्त पाणी ठेवून क्रॉप करतो.