ऑसिलोस्कोपच्या पाठीवरचा नऊ पिनांचा पोर्ट

ऑसिलोस्कोप म्हणजे बदलत्या व्होल्टेजचा आलेख पडद्यावर काढणारं यंत्र. त्यावर लहर स्थिर झाली की हल्लीचा विद्यार्थी आधी मोबाइल काढतो. फोटो, प्रिंट, जर्नलमध्ये चिकटवणं, सरांची सही. गोव्यातल्या पॉलिटेक्निकात काय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात काय, हे सर्रास चालतं. त्यात गैर काही नाही, पण त्या फोटोवर पुढे गणित करता येत नाही. खरे आकडे यंत्राच्या मेमरीत असतात आणि यंत्र बंद केलं की बहुधा पुसले जातात. ते बाहेर काढायची सोय बऱ्याच जुन्या डिजिटल ऑसिलोस्कोपच्या पाठीवर असते: नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी सिरियल जोडणी. महागड्या नव्या यंत्राची मागणी करण्याआधी तो एकदा वापरून पाहावा, असं माझं मत आहे.

हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं, टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्यासाठी. यात १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. ५ व्होल्टच्या आयसींवर डिजिटल शिकलेल्याला हा उफराटा कारभार वाटतो. पण लांब तारेत थोडाफार गोंगाट शिरला तरी अधिकाचं उणे सहजासहजी होत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं तर ऑसिलोस्कोपच हाताशी आहे. संगणकाच्या पोर्टच्या ३ नंबरच्या पिनला प्रोब (ऑसिलोस्कोपची मोजायची तार) लावा, ५ नंबरला त्याची ग्राउंड क्लिप, आणि ९६०० बॉड (इथे सेकंदाला ९६०० बिट) वेगाने इंग्रजी मोठं ‘ए’ अक्षर पाठवत राहा. काही पाठवत नसताना तार उणे असते. अक्षर निघालं की ती एकदम वर उडी मारते, हा स्टार्ट बिट, रुंदी सुमारे १०४ मायक्रोसेकंद. संगणकाच्या अक्षर-संकेतात ‘ए’चा आकडा ६५, बिटांत ०१०००००१. तो शेपटीकडून पाठवला जातो, म्हणून पुढे एक बिट खाली, पाच बिट सलग वर, एक खाली, एक वर, आणि शेवटी स्टॉप बिटसाठी तार पुन्हा खाली. पडद्यावरच्या चौकटी मोजून अक्षर ओळखता येतं. दोन्ही यंत्रांमध्ये घड्याळाची वेगळी तार नाही. प्रत्येक अक्षराच्या स्टार्ट बिटपासून मोजणी नव्याने सुरू होते. त्यामुळे दोघांच्या घड्याळांत एखाद्‌दुसऱ्या टक्क्याचा फरक असला तरी निभावतं.

जोडणीला तीन तारा पुरतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. बरेचसे ऑसिलोस्कोप संगणकासारखेच ३ नंबरवर बोलतात आणि २ नंबरवर ऐकतात. सरळ केबल लावली तर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकणारा कोणीच नाही. त्यासाठी २ आणि ३ यांची अदलाबदल केलेली नल मोडेम केबल लागते. लॅपटॉपला आता हा पोर्टच नसतो, म्हणून यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर. इथे एक सावधगिरी: आर्डुइनो या छोट्या प्रयोग-बोर्डासाठी मिळणारा उघड्या पिनांचा स्वस्त कन्व्हर्टर ० ते ५ व्होल्टचा असतो. तो इथे चालणार नाहीच, वर समोरून उणे व्होल्टेज आलं तर जळेलही.

दोन्हीकडे बॉड, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट), स्टॉप बिट सारखे ठेवले की पहिला प्रश्न विचारायचा: तारांकन, मग आय-डी-एन, मग प्रश्नचिन्ह आणि ओळ संपल्याची खूण. यंत्राने आपली कंपनी, मॉडेल आणि आवृत्ती सांगितली की जोडणी जमली. ती शेवटची खूण राहिली तर यंत्र ढिम्म असतं, आणि माणूस मात्र केबल बदलत बसतो.

आता लहर. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस २१० सारख्या मॉडेलमध्ये एका लहरीचे २५०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदू एक बाइट धरला आणि स्टार्ट-स्टॉप मिळून बाइटमागे १० बिट धरले, तर ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट जातात. म्हणजे एका लहरीला सुमारे २.६ सेकंद. तेच आकडे वाचता येतील असे अक्षरांत मागितले तर उणे चिन्ह, तीन अंक आणि स्वल्पविराम धरून वेळ पाचपटीपर्यंत जातो. म्हणून बायनरी, म्हणजे थेट बाइट मागवणं, बरं. आलेली संख्या अर्थातच व्होल्ट नसते. या मॉडेलमध्ये पडद्यावरच्या एका उभ्या घराचे २५ भाग पडतात. घर २ व्होल्टचं असेल तर एक भाग ८० मिलिव्होल्टचा. शून्य रेषेपासून ५० भाग वर म्हणजे ४ व्होल्ट.

बायनरीत एक खोडी आहे, आणि भलेभले तिथे अडकतात. संगणकाला उसंत हवी असेल तर तो समोरच्याला थांबवू शकतो. ‘सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल’मध्ये १९ हा बाइट म्हणजे थांब आणि १७ म्हणजे चालू कर. पण लहरीच्या २५०० आकड्यांत १७ आणि १९ आपसूक येणारच. गोव्यातल्या चोडण बेटाच्या फेरीबोटीवर गाड्या घेताना रांगेतल्या कोणी डास मारायला हात वर केला आणि खलाशाने तोच थांबण्याचा इशारा समजला, तसं होतं. ते बाइट गिळले जातात, लहर मध्येच तुटते. हा पर्याय बंद ठेवावा, किंवा वेगळ्या तारांवर चालणारा हार्डवेअर फ्लो कंट्रोल घ्यावा. त्याला तीन तारा पुरत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

आता अर्थिंग, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. प्रोबची ग्राउंड क्लिप यंत्राच्या धातूच्या अंगाला आणि प्लगच्या तिसऱ्या पिनला जोडलेली असते. मेन्सवर मोजताना शॉर्ट होऊ नये म्हणून काही जण ती तिसरी पिन तोडतात. मग क्लिप २३० व्होल्टच्या फेजला लागली की यंत्राचं अंग जिवंत होतं, आणि सिरियल केबलच्या ग्राउंडमधून लॅपटॉपही. या मेन्सचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास असतं. ज्याचा हात कीबोर्डवर आहे त्याला याची कल्पनाही नसते. पिन तोडू नये. मोजायला डिफरन्शिअल प्रोब (क्लिप अर्थला न जोडता दोन टोकांतला फरक मोजणारा) घ्यावा आणि केबलमध्ये आयसोलेटेड कन्व्हर्टर (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा). मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात तर दोन्ही यंत्रांचे प्लग काढून ठेवलेले बरे.

आमच्या किनाऱ्याची खारी हवा या पोर्टची खरी वैरीण. पावसाळा सरला की पिनांवर हिरवट थर दिसतो आणि मग संवाद मधूनमधून तुटतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, चार वेळा आत-बाहेर, वर प्लास्टिकची टोपी.

ही जोडणी थेट प्रक्षेपणाची नाही. यंत्र मिलिसेकंदात लहर पकडतं आणि ती पाठवायला अडीच सेकंद घेतं. मधल्या काळात काय घडलं ते या नोंदीत येत नाही. म्हणून क्वचित येणारा धक्का पकडायचा तर ट्रिगर (लहर कधी पकडायची ते ठरवणारी सोय) ‘सिंगल’वर, म्हणजे एकदाच पकडून थांबण्यावर, ठेवावा. संगणकाने ‘पकडलंस का’ असं विचारत राहावं, होकार आला की लहर उतरवून फाइलच्या नावात स्वतःच्या घड्याळाची वेळ घालावी आणि ट्रिगर पुन्हा सज्ज करावा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पायसिरियल ही सिरियल पोर्टसाठीची लायब्ररी वापरून हे तीस-चाळीस ओळींत होतं.