सोर्स खुला आहे, पण पॅकेज कुणी बांधलं?

लिनक्स वापरणाऱ्यांत एक समज चिवटपणे टिकून आहे. सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर कंपाइल केलं की ते तयार पॅकेजपेक्षा वेगात चालतं आणि जास्त सुरक्षितही असतं, असा तो समज. त्यातला वेगाचा मुद्दा लवकर उरकतो. सुरक्षिततेचा मात्र फार गुंतागुंतीचा आहे.

सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. प्रोसेसरला तो कळत नाही. कंपायलर त्याच्या यंत्रसूचना बनवतो, लिंकर ते तुकडे आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या (इतर प्रोग्रॅमनाही वापरता येणारा तयार कोड) एकत्र सांधतो, आणि चालवता येण्याजोगी बायनरी हाती येते. डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या वितरणांचे सर्व्हर हे काम सगळ्यांसाठी एकदाच करून ठेवतात आणि बायनरी पॅकेजच्या रूपात देतात. त्यामागे डिजिटल सही असते, त्यामुळे वाटेत कुणी बदल केला तर तो पकडता येतो. एकट्या डेबियन 12 मध्ये अशी 64 हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. 2002 मध्ये पहिली आवृत्ती काढणाऱ्या जेंटूने उलटी वाट धरली: आम्ही बांधणीच्या स्क्रिप्ट देतो, कंपाइल तुमचं तुम्ही करा.

आता वेग. तयार पॅकेज जुन्या प्रोसेसरवरही चाललं पाहिजे, म्हणून ते किमान सूचनासंच धरून बांधतात. डेबियनचा 64-बिट पाया 2003 च्या एएमडी प्रोसेसरपर्यंत मागे जातो. इंटेलने 2013 मध्ये आणलेल्या एव्हीएक्स-2 सूचना एका फटक्यात 256 बिट हाताळतात, आणि स्वतः कंपाइल करताना ‘याच प्रोसेसरसाठी बांध’ असं सांगितलं की कंपायलर त्या वापरू शकतो. पण जिथे याचा खरा फायदा असतो, म्हणजे व्हिडिओ किंवा एन्क्रिप्शनसारख्या कामांत, तिथले प्रोग्रॅम बहुधा आधीच शहाणे असतात. एकाच बायनरीत एका फंक्शनच्या अनेक आवृत्त्या असतात आणि चालताना प्रोसेसर बघून त्यातली योग्य ती निवडली जाते. उरलेल्या रोजच्या कामांत फरक क्वचितच जाणवतो. उलट क्रोमियम ब्राउझर बांधायचा तर 16 जीबीहून अधिक मेमरी असावी अशी शिफारस आहे, डिस्कवर किमान 100 जीबी मोकळी जागा लागते आणि साध्या संगणकावर कित्येक तास जातात. पानं चटकन उघडून ते तास भरून काढायचे तर बरीच वर्षं ब्राउझिंग करावं लागेल! डिसेंबर 2023 मध्ये खुद्द जेंटूनेच तयार बायनरी पॅकेजेस मोठ्या प्रमाणावर देत असल्याचं जाहीर केलं.

माझ्या मते स्वतः कंपाइल करण्याचं खरं कारण वेगळं आहे. काही गोष्टी बांधणीच्या वेळीच ठरतात, नंतर बदलत नाहीत. इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमचं उदाहरण आपल्या फार जवळचं आहे. तो अक्षरांची जुळणी करणाऱ्या ‘रक्म’ या लायब्ररीसह बांधला नसेल तर चित्रावर देवनागरी लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे बसते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटी पडतात. फॉन्ट बदलून काही होत नाही. ती क्षमता बायनरीत नसतेच. अशा वेळी हवा तो पर्याय घालून पुन्हा कंपाइल करणं हा रास्त उपाय आहे. फक्त हे लक्षात ठेवावं लागतं की हाताने बसवलेल्या प्रोग्रॅमची पॅकेज व्यवस्थेकडे नोंद नसते. त्यात सुरक्षेची त्रुटी सापडली तर दुरुस्ती आपोआप येत नाही, आणि वर्षभराने आपण तो बसवला होता हेच विसरायला होतं.

सुरक्षिततेबद्दलचा विश्वास गिरणीत उभं राहून डोळ्यांदेखत दळून आणलेल्या पिठासारखा आहे: मधे कुणी भेसळ करू शकत नाही. पण गिरणीचं काय? केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, जे 1984 मध्ये छापून आलं, नेमकं हेच दाखवलं. कंपायलरच्या बायनरीत अशी करामत लपवता येते की तो लॉगिनचा प्रोग्रॅम कंपाइल करताना त्यात चोरदार घालील आणि स्वतःलाच पुन्हा कंपाइल करताना ती करामत नव्या बायनरीत उतरवील. सोर्स कोड कितीही वाचा, त्यात काहीच सापडणार नाही.

यावरचा एक उपाय असा, की एकाच सोर्सवरून वेगवेगळ्या लोकांनी बांधलेली बायनरी शेवटच्या बाइटपर्यंत सारखी यावी. मग कुणीही बांधून डेबियनच्या पॅकेजशी ताडून पाहू शकतो. ऐकायला सोपं वाटतं, पण बायनरीत बांधणीची तारीख उमटते, फोल्डरचे पत्ते उमटतात, फायली कोणत्या क्रमाने वाचल्या त्यानेही फरक पडतो. डेबियनमध्ये 2013 पासून हे फरक एकेक करून काढले जात आहेत. हे साधलं की प्रत्येकाने कंपाइल करायची गरज उरत नाही. कुणीतरी स्वतंत्रपणे करून पाहिलं तरी पुरतं.

पण मार्च 2024 मधल्या प्रकरणात हाही उपाय पुरला नसता. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता डेबियनच्या ‘अनस्टेबल’, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर मोजमापं घेत होता. एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. माग काढत तो एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांपर्यंत पोहोचला. ‘जिया टॅन’ नावाने 2021 पासून काम करत विश्वास कमावलेल्या कुणीतरी त्यात चोरदार बसवलं होतं. विशिष्ट किल्ली असलेल्याला लॉगिन न करताच सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

घातक बायनरी चाचणीच्या फायलींत लपवलेली होती. तिला जागं करणारी ओळ सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हती, फक्त प्रकाशित केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात, बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होती. म्हणजे ‘सोर्सवरून बांधलं’ म्हणणाऱ्यांनी दूषित सोर्सच घेतला होता. शंभर जणांनी तो बांधून ताडला असता तर शंभरही बायनरी तंतोतंत जुळल्या असत्या. शिवाय ती स्क्रिप्ट आधी बघायची, की ही बांधणी डेबियन किंवा आरपीएम (फेडोरासारख्यांच्या) पॅकेजसाठी आहे का. नसेल तर गप्प बसायची. स्वतःपुरतं कंपाइल करणारे वाचले ते सावधपणामुळे नाही, हल्लेखोराला त्यांच्यात रसच नव्हता म्हणून.

खरं तर एसएसएचचा नेहमी वापरला जाणारा प्रोग्रॅम, मूळ ओपनएसएसएच, एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. डेबियन आणि फेडोरा यांनी सर्व्हर सुरू झाल्याची सूचना सिस्टमडीला (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) मिळावी म्हणून आपल्या पॅकेजमध्ये एक जोड दिली होती, आणि सिस्टमडीच्या लायब्ररीमागोमाग एक्सझेड आत येत होतं. जुलै 2024 च्या ओपनएसएसएच 9.8 मध्ये ती सूचना पाठवायची सोय कोणत्याही बाहेरच्या लायब्ररीशिवाय थेट मूळ कोडमध्येच लिहिली गेली.